बर्फगाडी आणि जीवनावश्यक राष्ट्रीय हित

लोकशाहीत सगळी माणसं समान असतात. फक्त कोण कोणाशी समान आहे हे आधी ठरवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी माणसांचे गट पाडावे लागतात. गटच नसतील तर समानता वाटायची कोणात, असा पेच पडतो. बोस्नियाच्या राज्यघटनेने हा पेच फार सुटसुटीतपणे सोडवला आहे. देशात तीन घटक समाज आहेत: बोस्नियाक (बहुतेक मुसलमान), सर्ब (ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती) आणि क्रोएट (कॅथलिक). या तिन्हींत न बसणारे जे कोणी उरतात त्यांच्यासाठी घटनेत ‘इतर’ असा शब्द आहे. (किराणाच्या यादीत शेवटी ‘व इतर’ लिहितात आणि त्यात हिंग, काडेपेटी वगैरे येतं, तसंच.)

ब्रेस्तोवा नगरपालिकेच्या हद्दीतल्या जनावरांच्या डॉक्टर लुचिया आंद्रेआता या ‘इतर’ होत्या.

लुचियाचे पणजोबा इटलीच्या डोंगरातून आले. तिकडे पुरात त्यांचं घर वाहून गेलं होतं आणि त्या काळच्या सम्राटाने इकडे फुकट जमीन देऊ केली होती. जमीन फुकट होती, कारण तिच्यावर जंगल होतं. पणजोबांनी झाडं तोडली, मुळं उपटली, मक्याचं पीक काढलं, आणि गोर्नी ब्रेग नावाची वाडी त्या टेकडीवर उभी राहिली. चार पिढ्या गेल्या. आता वाडीत अकरा घरांतून धूर निघायचा. लुचिया इतरांसारखीच बोलायची, इतरांसारखीच कॉफी प्यायची, इतरांसारखंच सरकारला नावं ठेवायची. पणजोबांची डोंगरी इटालियन बोली ती दोनच ठिकाणी वापरी: वडिलांशी बोलताना आणि लाथ मारणाऱ्या गायीला शिव्या देताना.

तालुक्यात तिच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस नव्हता. गाय अडली की कोणत्याही समाजाचा माणूस तिलाच फोन करायचा आणि ती रबरी बूट घालून निघायची. तिच्या हातून जन्मलेल्या वासरांची समाजनिहाय टक्केवारी उपलब्ध नाही, कारण वासरांनी अद्याप नोंदणी केलेली नाही.

नगरपालिकेची सभा पंधरा सदस्यांची होती. पाच बोस्नियाक, पाच सर्ब, चार क्रोएट आणि एक इतर. इतरांची जागा खिडकीजवळ होती आणि तिथे लुचिया बसे. इतरांच्या सदस्याला बोलण्याचा, मत देण्याचा आणि सभेचं पाणी पिण्याचा पूर्ण अधिकार होता. अध्यक्ष होण्याचा मात्र नव्हता. अध्यक्ष घटक समाजातलाच हवा, असं नियमावलीत लिहिलेलं होतं. नाहीतर उद्या कोणीही लायक माणूस अध्यक्ष होईल.

सध्या अध्यक्षच नव्हते. आधीचे अध्यक्ष मार्च महिन्यात स्लोव्हेनियात ट्रक चालवायला गेले आणि त्यांची सदस्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाने घेतली. अध्यक्ष म्हणून कोणाला निवडायचं यावर मात्र सभा अडली होती. कोणत्याही समाजाने आपला उमेदवार पुढे केला की बाकीच्या दोघांपैकी एकजण उठून म्हणायचा, की यामुळे आमच्या समाजाच्या जीवनावश्यक राष्ट्रीय हिताला धोका पोचतो. एवढं म्हटलं की विषय बाजूला ठेवावा लागे. हित कोणतं आणि धोका कसला, हे सांगायची नियमात अट नव्हती. ती मुद्दाम ठेवलेली नव्हती, कारण सांगायला गेलं की भांडणं होतात.

तिन्ही गटांचे पुढारी म्हणजे अनुक्रमे फर्निचरचं दुकान असलेले मेन्सुर हाजालिच, निवृत्त कवायत-मास्तर ओब्राद स्तियाकोविच आणि विम्याचे एजंट आन्तो बारुकचिच. हे तिघे लहानपणी एकाच नदीत पोहायला शिकले होते आणि आजही पोस्टासमोरच्या कॅफेत एकाच टेबलावर डॉमिनो खेळत. त्यांच्यातलं वैर फक्त सभेच्या वेळात असे. सभा संपली की तिघे एकमेकांचे कोट शोधून द्यायचे.

हे सगळं असंच आनंदात चालू राहिलं असतं. पण ऑक्टोबरात बर्फगाडी आली.

युरोपातल्या कुठल्याशा निधीतून मिळालेली नवीकोरी गाडी. नारिंगी रंग, पुढे माणसाच्या छातीइतका उंच लोखंडी फाळ, वर फिरणारा दिवा. तिच्या दारावर ‘हिवाळी सेवा’ असं तिन्ही अधिकृत भाषांत लिहिलेलं होतं. पहिल्या दोन ओळी काना-मात्रेसकट एकसारख्या होत्या. तिसरीत तेच शब्द दुसऱ्या लिपीत होते. एकसारख्या दोन ओळींपैकी वरची ओळ कोणाची, यावर चार बैठका झाल्या. शेवटी वरची ओळ गाडी पुढे जाताना एकाची आणि मागे येताना दुसऱ्याची, असं ठरलं.

पण गाडी अधिकृतपणे ताब्यात घ्यायला सभेचा ठराव आणि अध्यक्षांची सही लागत होती. (महापौर होते. पण महापौरांचं काम उद्घाटन करणं. स्वीकारणं हे सभेचं काम. दोन्ही एकाच माणसाकडे दिलं तर हुकूमशाही येते.) तेव्हा गाडी नगरपालिकेच्या मागच्या अंगणात ताडपत्री पांघरून उभी राहिली आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या. जुनी गाडी भंगारात गेली होती.

लुचियाला या गाडीची सगळ्यात जास्त काळजी होती. तिचे वडील सिल्व्हिओ एक्याऐंशी वर्षांचे होते आणि वर गोर्नी ब्रेगला एकटे राहत. दोन वर्षांपासून त्यांचं डायलिसिस चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, मोठ्या गावातल्या इस्पितळात. इस्पितळाची व्हॅन त्यांना वाडीतून उचलायची आणि परत सोडायची. रस्ता बर्फाने बंद झाला तर व्हॅन येणार नव्हती. लुचियाने त्यांना गेल्या हिवाळ्यात खाली आपल्या फ्लॅटमध्ये आणून पाहिलं होतं. ते दोन दिवस खिडकीशी उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी टोपी घालून दारात उभे राहिले. “माझा धूर बंद झाला की शेजारची मार्गेरिता खाली येईल,” ते म्हणाले होते, “ती आली की तिच्या पलीकडचे येतील. मग तुझ्या पणजोबांनी झाडं कशाला तोडली?”

नोव्हेंबरात सर्वात वरच्या डोंगरावर पांढरी टोपी दिसली आणि गावातल्या लोकांना घाम फुटला. सभेवर दबाव आला. तेव्हा एका बैठकीत, सगळे दमलेले असताना, आन्तो सहज म्हणाले, “अहो, मग डॉक्टरीणबाईंनाच करा ना अध्यक्ष.”

प्रत्येकाने मनातल्या मनात आक्षेप शोधला आणि कोणालाच सापडला नाही. मतदान झालं. चौदा विरुद्ध शून्य. लुचियाने संकोचाने स्वतःचं मत दिलं नव्हतं. ब्रेस्तोवाच्या इतिहासात एकमताने झालेला हा पहिला निर्णय, आणि त्यामुळेच सभेच्या सचिव वाहिदा यांना संशय आला. वाहिदा कायदा शिकलेल्या होत्या, त्यामुळे सहसा हसत नसत.

“होणार नाही,” नियमावली उघडून त्या म्हणाल्या. “डॉक्टर इतर आहेत.”

“पण आम्हा सगळ्यांना त्या चालतात,” मेन्सुर म्हणाले.

“सगळ्यांना चालतात हाच अडथळा आहे. अध्यक्ष कोणाचा तरी असावा लागतो. या कोणाच्याच नाहीत.”

“मग काय करायचं?”

“त्यांनी कोणाचं तरी व्हावं,” वाहिदा म्हणाल्या. “घोषणापत्र भरायचं. आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कोणी पुरावा मागत नाही. कायदा त्या बाबतीत फार उदार आहे.”

दुसऱ्या दिवशी तिघे पुढारी एकामागून एक लुचियाच्या दवाखान्यात आले. ती एका मेंढीचे खूर कापत होती.

मेन्सुरनी टोपी काढली. “डॉक्टरीणबाई, आमच्यात या. आमच्यात फार पथ्यं नाहीत. तुम्ही डुकराचं खाता, ते खा. फक्त घरी खा.”

“मेंढीचा पाय धरा जरा,” लुचिया म्हणाली. मेन्सुरनी धरला.

ते गेले तसा ओब्राद आला. “आमच्यात आलीस तर नावाचीही अडचण नाही बघ. आंद्रेआता. पुढे नुसतं ‘विच’ लावायचं. आंद्रेआतोविच! कानाला कसं भरघोस वाटतं.”

“दुसरा पाय धर.”

शेवटी आन्तो आले. त्यांनी न सांगता मेंढीचा पाय धरला, म्हणून लुचियाने त्यांचं नीट ऐकून घेतलं. “तुम्ही रविवारी मिस्साला येता,” ते म्हणाले. “आमच्याच चर्चमध्ये, आमच्याच बाकावर बसता. म्हणजे अर्ध्या तुम्ही आमच्याच आहात. उरलेल्या अर्ध्यासाठी एक सही. शिवाय आम्ही चारच आहोत. तुम्ही आलात की पाच, पाच आणि पाच. फोटोत किती छान दिसेल!”

फोटोचा मुद्दा बाकीच्या दोघांनाही पटला. क्रोएट व्हायचं असं ठरलं. फक्त जिला व्हायचं होतं तिने अजून हो म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती वर वाडीत गेली. सिल्व्हिओ चुलीवर मक्याच्या पिठाची पोलेंटा ढवळत होते. ती ढवळणं थांबवलं की गुठळ्या होतात, म्हणून ते पाठमोरेच बोलले.

“मला कशाला विचारतेस?”

“तुमचंही नाव आहे ते.”

“माझं नाव?” म्हातारा हसला. “माझ्या आजोबांना सम्राटाच्या कारकुनाने जर्मन म्हणून लिहून घेतलं. बापाला राजाने क्रोएट म्हणून पलटणीत नेलं. लढाईत इटालियन म्हणून दोन्ही बाजूंनी बडवलं. त्यानंतरच्या सरकारने मला युगोस्लाव्ह म्हणून पदक दिलं. ते त्या खिळ्याला टांगलंय, वर लसणाची माळ आहे बघ. आता मी इतर आहे. पोलेंटा तीच. माझं रक्त आठवड्यातून तीनदा बाहेर काढून धुतात आणि परत घालतात. तुझं एकदा बदललं तर काय बिघडणार आहे? सही कर आणि ताट घे.”

त्यांनी विरोध केला असता तर लुचियाला बरं वाटलं असतं. विरोध करणाऱ्या बापाची समजूत घालता येते. आधीच समजूत पटलेल्या बापापुढे माणूस एकटा पडतो. तिने मुकाट्याने जेवण केलं आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन सही केली. खिडकीमागच्या बाईने शिक्का मारला, “अभिनंदन,” म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा माणूस कुत्र्याचा परवाना घ्यायला आला होता. त्यालाही ती “अभिनंदन” म्हणाली.

दुपारी एका गोठ्यात एका गायीने लुचियाच्या मांडीवर सणसणीत लाथ घातली. लुचियाने तोंड उघडलं, आणि पणजोबांच्या बोलीतली एकही शिवी आठवेना. मग तिने साध्या भाषेत दिली. गायीला फरक पडला नाही.

सोमवारी सभा भरली. सगळे दाढ्या करून आले होते. कोणीतरी फुलंही आणली होती. लुचिया खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला गेली, तेवढ्यात वाहिदांनी हात वर केला.

“डॉक्टरांना तिथे बसता येणार नाही.”

“का?”

“ती इतरांची जागा आहे. डॉक्टर आता इतर नाहीत. घोषणापत्रावर शिक्का बसला त्या क्षणी त्यांचं सदस्यत्व संपलं.”

“बरं, मग त्या क्रोएटांच्या बाजूला बसतील,” आन्तो म्हणाले.

“क्रोएटांच्या जागा चार आहेत. चारही भरलेल्या आहेत.”

“पण त्यांना अध्यक्ष करायचंय!”

“अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडायचा असतो,” वाहिदा म्हणाल्या. “त्या इतर होत्या तोवर सदस्य होत्या, पण अध्यक्ष होऊ शकत नव्हत्या. आता अध्यक्ष होऊ शकतात, पण सदस्य नाहीत.” त्यांनी नियमावली मिटली. “तरतूद अगदी स्पष्ट आहे.”

घोषणापत्र पुढच्या निवडणुकीपर्यंत बदलता येत नव्हतं. माणसाने आपण कोण हे मोकळेपणाने ठरवावं, पण रोज उठून ठरवू नये, असा त्यामागे विचार होता. लुचिया फुलं घेऊन बाहेर पडली. फुलं परत घ्यावीत की नाही याबद्दल नियम नव्हता, म्हणून ती तिच्याकडेच राहिली.

आणखी एक भानगड होती. इतरांची जागा रिकामी असताना सभेने कोणताही निर्णय घेतला तर तो अल्पसंख्याकांवर अन्याय ठरला असता. एका इतराला नुकतंच बाहेर काढलेल्या सभेला हे पटण्यासारखं होतं. तेव्हा नवा इतर शोधणं आलं. निवडणुकीच्या वेळी इतरांच्या यादीत किमान दोन नावं लागतात, म्हणून लुचियाने दुसरं नाव घातलं होतं ते वडिलांचं. अशा रीतीने सिल्व्हिओ आंद्रेआता, वय एक्याऐंशी, हे नगरपालिकेचे सन्माननीय सदस्य झाले. त्यांना कळवायला फोन केला तर ते म्हणाले, “बरं. कॉफी मिळते का तिथे?”

त्याच आठवड्यात बर्फ पडला. शुक्रवारची व्हॅन टेकडीच्या पायथ्याशी येऊन परत गेली. लुचिया एका ओळखीच्याच्या ट्रॅक्टरवर बसून वर गेली आणि तिने वडिलांना ब्लँकेटात गुंडाळून खाली आणलं. इस्पितळात पोचायला इतका उशीर झाला की त्यांचे ओठ निळे पडले होते आणि ते तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारत होते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर आमच्याकडे येऊन उपयोग नाही.

लुचिया तिथून सरळ वाहिदांच्या कचेरीत गेली. बूट ओले होते, केसांत बर्फ होता.

“तुमच्या अंगणात गाडी आहे,” ती म्हणाली. “मला किल्ली द्या. मी स्वतः चालवते.”

“किल्ली दिली तर मी तुरुंगात जाईन.”

“मी डबा आणीन.”

वाहिदांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दार लावलं आणि नियमावलीचा जाड गठ्ठा पुन्हा काढला, या खेपेला मागच्या बाजूने. बऱ्याच वेळाने त्यांचं बोट एका कलमावर थांबलं. हे कलम जुन्या सरकारच्या काळातलं होतं. ते रद्द करण्यावरही तिघांचं एकमत झालं नसल्यामुळे ते टिकून होतं. सदस्याला सभेला येण्यात अडथळा येत असेल तर तो दूर करणं हे सचिवाचं कर्तव्य असून त्यासाठी सचिवाने, मालकी कोणाचीही असो वा ठरलेली नसो, हाताशी असेल ते वाहन वापरावं, असं त्यात म्हटलं होतं.

“तुमचे वडील सदस्य आहेत,” वाहिदा म्हणाल्या. “बर्फ हा अडथळा आहे. गाडीची मालकी ठरलेली नाही.”

“पण सभा महिन्यातून एकदा असते.”

“अध्यक्ष असेल तर. अध्यक्ष नसेल तेव्हा अध्यक्ष निवडण्यासाठी सचिवाने आवश्यक वाटेल तितक्या वेळा सभा बोलवायची असते.” वाहिदांनी कॅलेंडर पुढे ओढलं. “मला आठवड्यातून तीनदा आवश्यक वाटतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी आठ. चालेल?”

लुचियाने मान हलवली.

अशा रीतीने ब्रेस्तोवात लोकशाहीचा सुवर्णकाळ सुरू झाला. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे नारिंगी गाडी दिवा फिरवत टेकडी चढायची आणि एका सदस्याला घेऊन उतरायची. तिच्यामागे मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून दुधाची गाडी, पावाची गाडी, शाळेची बस आणि मार्गेरिताचं पेन्शन आणणारा पोस्टमन असे सगळे जायचे, पण ते केवळ योगायोगाने. आठ वाजता हजेरी. आठ वाजून पाच मिनिटांनी एका समाजाकडून उमेदवार सुचवला जाई. लगेच दुसऱ्या समाजाचं जीवनावश्यक राष्ट्रीय हित धोक्यात येई. मग कॉफी. मग सभा तहकूब. खाली इस्पितळाची व्हॅन उभीच असायची. हित धोक्यात आणण्याची पाळी कोणाची, हे तिघे आदल्या दिवशी डॉमिनोवर ठरवत. सिल्व्हिओंना सभागृह आवडलं. खिडकीजवळ ऊन येतं, म्हणायचे. एकदा ते मतदानाच्या वेळी झोपले होते, त्याची नोंद ‘तटस्थ’ अशी झाली.

लुचिया आता घटक समाजात होती. तिला क्रोएट सांस्कृतिक मंडळाचं बोलावणं आलं, गाण्याच्या चमूत दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. लोक चांगले होते. सरावानंतर ती कधीकधी सभागृहाच्या बाहेरच्या बाकावर बसून दाराच्या काचेतून खिडकीजवळची खुर्ची बघायची.

फेब्रुवारीत संकट आलं. सभेत तडजोड झाली.

कशी झाली ते कोणालाच नीट सांगता येईना. मेन्सुरच्या लोकांना खेळाचं सभागृह मिळणार, आन्तोच्या लोकांना शाळेचं स्वयंपाकघर, आणि ओब्रादला अध्यक्षपद. अध्यक्ष आला की सभा पुन्हा महिन्यातून एकदाच. ओब्राद हे पद मिळावं म्हणून बावीस वर्षं झटत होता. त्याबरोबर हिवाळी सेवेचा आराखडाही तयार झाला. तालुक्यातले रस्ते मोजून तीन समान भागांत वाटले गेले, मीटरमीटरचा हिशोब जुळला. गोर्नी ब्रेगचा रस्ता कोणत्याच घटक समाजाचा नव्हता. तो शेवटी एका वेगळ्या ओळीत होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: ‘शक्यतो’. (सरकारी भाषेत शक्यतो हे क्रियाविशेषण नसून उन्हाळ्याचं नाव आहे.)

गुरुवारी दुपारी लुचिया ओब्रादच्या घरी गेली. त्याची बायको त्याचा सूट इस्त्री करत होती. ओब्राद बनियनवर, आरशासमोर, आभाराचं भाषण म्हणत होता.

“सूट छान आहे,” लुचिया म्हणाली.

“मेव्हण्याने पाठवलाय, श्टुटगार्टहून. बस ना. कॉफी घेशील?”

“आमचा रस्ता शक्यतोमध्ये गेलाय, ओब्राद.”

“मी आहे ना! एकदा खुर्चीवर बसलो की बघतो.”

“कसा बघशील? रस्ते वाटून झालेत. आमच्याकडे गाडी पाठवलीस तर ती कोणाच्या तरी वाट्यातून जाणार. दुसऱ्या दिवशी हित धोक्यात.”

ओब्राद खुर्चीवर बसला. इस्त्रीची वाफ सुस्कारली.

“मी तुला थांबवायला नाही आले,” लुचिया म्हणाली. “एवढंच विचारायचं होतं, की उद्या नक्की निवडून येतोयस ना? म्हणजे बाबांना आजच खाली आणते. ओढत आणावं लागेल. माणसं लागतील दोन.”

“येणार नाहीत ते.”

“नाहीच येणार. म्हणून तर माणसं.”

ती उठली. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, “त्यांना राहू दे आज वर. सकाळी सभा आहे ना? गाडी जाईलच.”

शुक्रवारी सभागृह भरलेलं होतं. महापौर फीत घेऊन आले होते. लुचिया बाहेरच्या बाकावर होती, दार उघडं होतं. ओब्राद सूटमध्ये आला, छाती पुढे काढून, कवायतीला उभा राहावा तसा. सिल्व्हिओ खिडकीजवळ ऊन खात बसले होते.

वाहिदांनी उमेदवाराचं नाव वाचलं. “बोस्नियाक गटाचा आक्षेप?” नाही. “क्रोएट गटाचा?” नाही. “सर्ब गटाचा?” हे त्यांनी केवळ रीत म्हणून विचारलं आणि पान उलटलं.

“आहे,” ओब्राद म्हणाला.

“काय आहे?”

“आक्षेप. सर्ब गटाच्या वतीने. ओब्राद स्तियाकोविच यांच्या निवडीमुळे सर्ब समाजाच्या जीवनावश्यक राष्ट्रीय हिताला धोका पोचतो.”

वाहिदांनी चष्मा काढला. “उमेदवार सर्बच आहेत.”

“म्हणूनच. मी त्यांना चांगला ओळखतो.”

कोणीतरी खोकलं. मेन्सुर छताकडे बघू लागले. आन्तोंनी रुमाल काढून नाक शिंकरलं, ते जरा जास्तच वेळ. कारण विचारायची नियमात अट नव्हती.

“सभा तहकूब,” वाहिदा म्हणाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सभागृहात हसल्या. त्याची इतिवृत्तात नोंद नाही.

जाताना सिल्व्हिओंनी ओब्रादच्या नव्या कोटाची बाही दोन बोटांत धरून बघितली. “कापड चांगलं आहे,” ते म्हणाले. “मी तुलाच मत देणार होतो, वेड्या.”

“ठाऊक आहे, सिल्व्हिओकाका. चला, व्हॅन थांबलीय.”

ओब्रादने त्यांना दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. लुचिया बाकावरून उठली आणि ओब्रादच्या समोर उभी राहिली. मग तिने त्याच्या खांद्यावरचा इस्त्रीचा जळका धागा झटकला. त्याच आठवड्यात एका गायीने तिला लाथ मारली आणि पणजोबांची बोली आपोआप तोंडातून बाहेर पडली, अगदी तीन पिढ्यांच्या उद्धारासह.

हिवाळा संपला. त्यानंतर युरोपातून देखरेखीचा अहवाल आला. एका हिवाळ्यात सर्वाधिक सभा, सर्वाधिक हजेरी, अल्पसंख्याक सदस्याची उपस्थिती शंभर टक्के. दुर्गम भागातल्या सदस्यासाठी खास वाहन. ब्रेस्तोवा नगरपालिकेला आदर्श ठरवण्यात आलं आणि तिचा अभ्यास करायला देशोदेशीची मंडळी येऊ लागली.

मे महिन्यात एक अभ्यासगट भारतातून आला. त्यात महाराष्ट्रातले एक प्राध्यापक होते. फार मोकळे गृहस्थ. पोस्टासमोरच्या कॅफेत त्यांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “कीव येते हो,” ते दुभाष्याला म्हणाले. “माणसाला असं रकान्यात बसवायचं! कोण कुठल्या समाजाचा, हे लिहून घ्यायचं! आमच्याकडे बघा. घटनेपुढे सगळे सारखे. कोणी कोणाला विचारतसुद्धा नाही.”

सिल्व्हिओंनी आदराने मान हलवली. एवढा मोठा देश आणि विचारत नाहीत.

कॉफी आली. प्राध्यापक शेजारी बसलेल्या तरुणाकडे वळले. तोही त्याच अभ्यासगटातला होता, पण दिल्लीहून वेगळ्या विमानाने आला होता, त्यामुळे ओळख राहिली होती. दुभाष्यालाही कळावं म्हणून ते इंग्रजीतच बोलले.

“नाव काय म्हणालात?”

“निनाद.”

“हो, ते झालं. पुढे?”

त्याने आडनाव सांगितलं. प्राध्यापकांनी ते तोंडात घोळवून पाहिलं.

“हे आडनाव दोन्हीकडे असतं. मूळ गाव कुठलं तुमचं?”

त्याने गाव सांगितलं.

“अस्सं. घर गावाच्या कुठल्या अंगाला?”

तरुणाने थोडं थांबून तेही सांगितलं.

“तरीच,” प्राध्यापक समाधानाने म्हणाले आणि त्यांनी आपला कप उचलून जरासा पलीकडे ठेवला.

“काय चाललंय त्यांचं?” सिल्व्हिओंनी विचारलं. दुभाष्याने शब्दन् शब्द सांगितला. लुचिया बापाकडे बघत होती.

“आपल्याला याला कागद लागतो,” सिल्व्हिओ म्हणाले. “शिक्का लागतो, खिडकी लागते, वाहिदा लागते. आणि यांनी एका कॉफीत उरकलं.”

(प्राध्यापकांचं आणि निनादचं आडनाव वर दिलेलं नाही. आपल्याच नजरेतून सुटलं असेल म्हणून आपण चार ओळी मागे जाऊन पाहून आलात, त्याची नोंद घेण्यात आली आहे.)